छोटी जहाजं आणि कोकणचा पावसाळा: कमी खर्चात घरच्या घरी डबे कसे करावेत

माझ्या मामांनी आयुष्यभर मालवाहू बोटींवर नोकरी केली. सुट्टीवर येताना ते हॅम्बुर्गच्या जुन्या बाजारातून एखाददुसरं छोटं जहाज आणायचे. १:१२५० मापाचं, म्हणजे खऱ्या जहाजाच्या साडेबाराशेपट लहान, धातूचं, पाण्याच्या रेषेवरचाच भाग असलेलं, तळहातावर मावेल एवढं. निवृत्त होऊन ते रत्नागिरीला परतले तेव्हा अशी चौदा जहाजं त्यांनी माझ्या स्वाधीन केली.

मी त्यांच्यासाठी मोठ्या हौसेने सागवानी पेटी करून घेतली. तळाला प्लायवूड, त्यावर निळी मखमल, पितळी कडी. जहाजं आत ठेवली आणि पेटी कपाटात गेली. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी दसऱ्याला पेटी उघडली तेव्हा मखमलीवर पिठासारखी पांढरी भुकटी सांडलेली होती. चार जहाजांचे कठडे आणि तोफा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. एका जहाजाचा तळ नखाने टोकरला तर खपली निघाली. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

नंतर मी बरंच वाचलं, विचारलं, डब्यांवर प्रयोग केले. आज माझ्याकडे साठच्या आसपास जहाजं आहेत, ती सगळी घरी केलेल्या स्वस्त डब्यांत आहेत आणि गेल्या सहा पावसाळ्यांत एकही खराब झालेलं नाही. इथली हवा वेगळी आहे. परदेशी छंदवाले धुळीपासून बचाव कसा करायचा ते सांगतात. आपल्याकडे धूळ हा सगळ्यात किरकोळ त्रास आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, समुद्रावरून खारी हवा येते आणि चार महिने घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. हे लक्षात घेऊन डबा करायचा आहे.

पायरी १: जहाज कशाचं बनलंय ते आधी ओळखा

डबा नंतर बघू. ही पायरी मी गाळली होती, म्हणून चार जहाजं गेली.

*शिसं.* जुनी धातूची जहाजं बहुतेक शिशाची किंवा शिसं मिसळलेल्या मिश्रधातूची असतात. हातात घेतलं की आकाराच्या मानाने जड लागतं. टेबलावर ठेवताना बद्द आवाज येतो. तळाची कडा पांढऱ्या कागदावर हलकेच ओढली की पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. शिशाचा वैरी म्हणजे आम्लाची वाफ. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा यांतून ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्याच आम्लाची, वाफ कमीजास्त प्रमाणात निघतच असते. उघड्या फळीवर ती वाऱ्याने उडून जाते. बंद पेटीत ती साठते, ओलावा तिला साथ देतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून शिशाचं पांढऱ्या कार्बोनेटच्या भुकटीत रूपांतर होतं. आम्ल या खेळात खर्ची पडत नाही, ते पुन्हा पुढचं शिसं खायला मोकळं होतं. म्हणून एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. माझ्या पेटीत सागापेक्षा तळाच्या प्लायवूडने आणि मखमलीखालच्या गोंदाने जास्त घात केला असावा, असं मला आता वाटतं.

*जस्ताचा मिश्रधातू.* साच्यात ओतलेली काही जुनी जहाजं जस्ताची असतात. ती कडक असतात, खणखणीत वाजतात, कागदावर रेघ उमटत नाही. यात शिशासारख्या धातूची भेसळ राहिली असेल तर धातू आतूनच फुगतो, तडकतो, वाकतो. दमट हवेत आणि उन्हाळ्यात हे लवकर होतं. यावर इलाज नाही, कोरड्या जागी ठेवून वेग कमी करता येतो एवढंच. हा रोग एका जहाजावरून दुसऱ्यावर जातो असं पुष्कळजण सांगतात. तसं होत नाही. दोष त्या त्या ओतीव धातूतच असतो.

*प्लॅस्टिक.* जोडायच्या किटमधली जहाजं पॉलिस्टायरीनची असतात. तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार जपानी कंपन्यांनी १९७१ साली मिळून १:७०० मापाची पाण्याच्या रेषेवरची मालिका सुरू केली, तेव्हापासून हे माप घराघरांत पोचलं. ओलाव्याने प्लॅस्टिकला फारसं काही होत नाही. उष्णता, ऊन आणि डांबरगोळ्या यांनी होतं. डांबरगोळ्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं, रंग चिकट होतो. कापराचाही भरवसा नाही. कपड्यांच्या कपाटात जहाजं ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

*रेझिन.* वजनाने हलकं, घासलं की बारीक धूळ पडते. उष्णतेत वाकतं. सपाट तळावर ठेवायचं, अधांतरी नाही.

*लाकूड.* गलबत, गुराब, मचवा अशा हाताने केलेल्या नौका. यांना बुरशी, कसर, वाळवी आणि लाकूड पोखरणारी कीड यांपासून जपायचं, पण श्वासही घेऊ द्यायचा.

यावरून पहिला नियम ठरतो: लाकडाची नौका आणि शिशाचं जहाज एका बंद डब्यात कधीही ठेवू नका. मग ते एकाच लढाईतलं असलं तरी.

शिशाचं जहाज हाताळल्यावर हात साबणाने धुवा. जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका. पांढरी भुकटी दिसली तर फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशने झटकू नका. ती पोटात किंवा श्वासात जाणं धोक्याचं आहे. हातमोजे घालून ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि फडकं टाकून द्या. लहान मुलांच्या हाती शिशाचं काही पडू देऊ नका.

पायरी २: मोजमाप

खऱ्या जहाजाच्या मीटरमधल्या लांबीला १०० ने गुणा आणि मापाच्या आकड्याने भागा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं.

आपली आयएनएस विक्रांत, जी २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली, २६२ मीटर लांब आहे. १:१२०० मापात ती साधारण २२ सेंटिमीटर होते, १:७०० मध्ये साडेसदतीस, आणि १:३५० मध्ये जवळजवळ पाऊण मीटर. उलट ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका जेमतेम ३८.६ मीटरच्या होत्या. १:१२०० मध्ये त्या सव्वातीन सेंटिमीटर भरतात. म्हणजे एकाच मापाच्या संग्रहातही एक जहाज वितभर आणि दुसरं नखाएवढं असू शकतं. सगळ्यांना एकच खण करायला गेलात तर निम्मा डबा रिकामा राहील.

लांबी आणि रुंदीच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंटिमीटर सोडा. उंची मोजताना सगळ्यात उंच काठी धरा आणि वर दीड सेंटिमीटर मोकळी ठेवा. डब्याचं झाकण आतून खाली किती येतं ते बघायला लोक विसरतात. मीही विसरलो होतो आणि एका युद्धनौकेची रडारची काठी तिथेच वाकली.

पायरी ३: साहित्य

* घट्ट झाकणाचे, रबरी कड असलेले, स्वयंपाकघरात वापरतात तसे प्लॅस्टिकचे डबे. तळाला त्रिकोणात ५ आकडा हवा, म्हणजे पॉलिप्रोपिलीन.
* जीआय पत्र्याचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचा तुकडा, २६ किंवा २८ गेजचा. पत्र्याची कामं करणाऱ्याकडे कापून उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, माप दिलं तर तो कापूनही देतो.
* मॅग्नेट शीट, म्हणजे चुंबकाची पातळ, वाकणारी पट्टी. जहाज डब्याच्या तळाच्या पत्र्याला धरून राहावं म्हणून ती बुडाला लावायची. फ्लेक्स आणि गाड्यांचे बोर्ड करणाऱ्या दुकानात मिळते.
* एक-दोन मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकचे तुकडे. नेमप्लेट करणाऱ्याकडे टाकाऊ म्हणून मिळतात.
* टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातला पांढरा, मऊ, दाबला की परत वर येणारा पॅकिंगचा फोम.
* नारिंगी रंगाची सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे खडे, आणि मलमलचं फडकं.
* हवेतला ओलावा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र.
* कटर, पट्टी, कानस, दोन्ही बाजूंनी चिकटणारी ॲक्रिलिक टेप, पितळी स्क्रू.

ओलाव्याचं यंत्र सोडलं आणि डबा घरातलाच वापरला तर एका डब्याला मला दीडशे ते दोनशे रुपये पडले. यंत्र एकच पुरतं.

पायरी ४: डबा निवडा आणि त्याची परीक्षा घ्या

कोकणी घरात डब्यांची वाण नसते, म्हणून हाताला लागेल तो डबा घ्यायचा मोह होतो. त्यातले तीन मोह टाळाच.

पहिला, आंब्याची पेटी. आकार छान, फुकटात मिळते. पण खोक्याची असेल तर पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो, त्याला बुरशी येते आणि कसर लागते. लाकडी असेल तर कच्चं लाकूड आणि लोखंडी खिळे. प्रवासात आतल्या डब्यांना बाहेरचं कवच म्हणून ती उत्तम आहे, जहाजांचं घर म्हणून नाही.

दुसरा, बिस्किटांचा पत्र्याचा डबा. लोहचुंबक छान धरतो, पण किनाऱ्याच्या हवेत झाकणाच्या कडेने दोन वर्षांत गंजतो. रंगवून वापरता येतो, मात्र ऑइलपेंट सुकतानाही आम्लाची वाफ सोडतो. रंग दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान महिनाभर, तो उघडा ठेवा.

तिसरा, स्टीलचा डबा. गंजत नाही हे खरं, पण बऱ्याच स्टीलला लोहचुंबक चिकटतच नाही. फ्रिजवरचं मॅग्नेट लावून आधी बघा.

राहिला पॉलिप्रोपिलीनचा डबा. तो गंजत नाही, आम्ल सोडत नाही, झाकण घट्ट बसतं. माझी नव्वद टक्के जहाजं त्यातच आहेत. पारदर्शक असेल तर न उघडता आत बघता येतं, आणि न उघडणं हाच तर सगळा मुद्दा आहे. त्रिकोणात ३ आकडा असलेलं, म्हणजे पीव्हीसी, घेऊ नका.

नवा डबा धुवा, पुसा, झाकण लावून दोन दिवस उन्हात ठेवा. मग झाकण उघडल्या उघडल्या नाक आत घाला. आंबूस किंवा डोक्यात जाणारा वास आला तर तो डबा डाळ-तांदळाला ठेवा.

शिशाच्या जहाजांसाठी मी आणखी एक परीक्षा करतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ओडी यांनी १९७३ साली एक पद्धत बसवली. प्रदर्शनाच्या कपाटात जे साहित्य वापरायचं त्याचा तुकडा चांदी, तांबं आणि शिशाच्या पट्ट्यांसोबत ओलसर हवेत बंद करून ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायचा आणि कोणता धातू काळवंडतो, पांढरा पडतो ते बघायचं. आपल्याला प्रयोगशाळा नको. मिरकरवाड्यात किंवा कुठल्याही बंदराजवळच्या दुकानात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळतात. दोन गोळ्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. एक गोळी काचेच्या स्वच्छ बरणीत, दुसरी तुमच्या डब्यात, त्यात वापरणार असलेल्या फोम, टेप, कापडाच्या तुकड्यांसह. दोन्हीकडे बाटलीच्या बुचात भिजवलेला कापूस ठेवा आणि चार आठवडे झाकण उघडू नका. दोन्ही गोळ्या थोड्या करड्या होतील, ते चालतं. डब्यातल्या गोळीवर पांढरी पूड धरली आणि बरणीतलीवर नाही, तर तुमच्या साहित्यात काहीतरी घातक आहे. माझ्या जुन्या मखमलीचा तुकडा मी असा तपासला. अठराव्या दिवशी गोळी पांढरी झाली होती.

पायरी ५: चुंबकाचा तळ

साधी कल्पना अशी: डब्याच्या तळाला पत्रा, जहाजाच्या बुडाला मॅग्नेट शीट. डबा हलला तरी जहाज जागचं हलत नाही, खण पाडावे लागत नाहीत, आणि नवं जहाज आलं की जुनी सरकवून जागा करता येते.

१. डब्याच्या आतल्या तळाचं माप घ्या. डबे तळाशी निमुळते असतात, झाकणाचं माप घेऊन पत्रा कापलात तर तो आत बसणार नाही.

२. पत्रा कापल्यावर चारी कडा कानशीने घासा. कापलेल्या कडेवरचा जस्ताचा थर गेलेला असतो, गंज तिथूनच सुरू होतो. कडेला पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या आणि चार-पाच दिवस वाऱ्यावर ठेवा.

३. पत्रा तळाला ॲक्रिलिक टेपने चिकटवा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट इथे वापरू नका. तो सुकताना नेमकं तेच आम्ल सोडतो. लाकडाचा पांढरा गोंदही शिशाच्या डब्यात नको.

४. ॲक्रिलिकचा तुकडा जहाजापेक्षा थोडा मोठा कापा. त्याच्या खाली मॅग्नेट शीट, वर जहाज. उरलेल्या कडेवर जहाजाचं नाव लिहिता येतं, आणि उचलताना बोटं जहाजाला न लागता त्या कडेला लागतात. निम्मी मोडतोड एवढ्यानेच वाचते.

मॅग्नेट शीटची पकड क्षेत्रफळावर असते. सव्वातीन सेंटिमीटरच्या क्षेपणास्त्र नौकेला तेवढीच पट्टी लावली तर ती निसटते. तिला चार बाय दोन सेंटिमीटरचा तळ द्या. वीत लांबीच्या शिशाच्या जहाजाला पुढपासून मागपर्यंत अखंड पट्टी हवी. छोटी निओडिमियम चुंबकं वापरून बघितली, पण ती इतक्या जोरात ओढतात की जहाज हातातून सुटून पत्र्यावर आपटतं आणि रंगाचे टवके जातात.

पक्कं झालं की गादीवर धरून डबा उलटा करा आणि हलकेच हलवा. गादीवर काही पडलं नाही तर काम झालं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: जुन्या, संग्राह्य जहाजाच्या बुडाला थेट काहीही चिकटवू नका. तिथे कारखान्याचं नाव किंवा क्रमांक ओतलेला असतो. उन्हाळ्यात टेपचा चिकटा पातळ होऊन त्यात शिरतो आणि काढताना रंग निघतो. अशा जहाजांसाठी पांढऱ्या फोममध्ये त्यांच्या आकाराची खाच करा. खाच जहाजापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान ठेवली तर जहाज अलगद धरलं जातं. फोम उभ्या धारेने कापा, करवतीसारखं ओढू नका, नाहीतर कण सुटतात. गादी-उशीतला पिवळा स्पंज मात्र घेऊ नका. आपल्या हवेत तो काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो आणि तो भुगा रंगाला घट्ट धरतो.

पायरी ६: डोलकाठ्यांच्या नौका

मराठा आरमाराची जहाजं करणारे, जमवणारे आता पुष्कळ झालेत. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे निघालेल्या लांब नाळेची मोठी नौका. गलबत तिच्याहून लहान, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. यांची प्रतिकृती करायला जेवढे दिवस लागतात तेवढेच क्षण ती मोडायला पुरतात, कारण आपण ती डब्यात वरून उतरवतो. बोटं आत जातात, परबाणाला, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीला, दोरा अडकतो आणि काठी जाते.

उपाय म्हणजे डबा उलटा वापरायचा. झाकण खाली, डबा वर. नौकेची बैठक झाकणाच्या आतल्या बाजूला ठेवायची, खालून दोन पितळी स्क्रूंनी पक्की करायची आणि डबा टोपीसारखा वरून घालायचा. नौका कुठेच उतरवावी लागत नाही. लोखंडी स्क्रू वापरू नका, दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांचा गंज लाकडात उतरतो.

बेकरीतला केकचा मोठा पारदर्शक डबा या कामाला सगळ्यात चांगला. खाली काळी थाळी, वर उंच झाकण, आणि बसतो थोडा सैल. लाकडाला तेवढी हवा हवीच असते. त्यात ओलावा शोषायला फार काही घालू नका. लाकूड एकदम सुकलं की जोड उघडतात, दोरे कधी सैल तर कधी ताठ होतात. सुती दोऱ्यांवर बुरशी पटकन येते, म्हणून दोरा बांधण्याआधी मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्या. शिडांच्या कापडाची खळ धुऊन टाका, खळ म्हणजे कसरीला आणि बुरशीला आमंत्रण.

उलट्या डब्याची एकच भीती: माहीत नसलेला माणूस तो वरून धरून उचलतो आणि झाकण सुटतं. चारी बाजूंना लाल टेप लावा आणि "खालून धरा" असं ठळक लिहा. गणपतीत चाकरमान्यांची मुलं घरी येतात तेव्हा तर नक्कीच. मुलांना दाखवा, भरपूर दाखवा, डबा मात्र तुमच्या हातात असू द्या.

नौकेखाली बारीक पिठासारखी पूड दिसू लागली तर लाकडात कीड आहे. ती नौका बाकीच्या लाकडी नौकांपासून ताबडतोब वेगळी करा.

पायरी ७: ओलावा

धातूच्या जहाजांच्या डब्यात ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास किंवा खाली राहिला की माझं समाधान असतं. जुलैत आमच्या पडवीत यंत्र नव्वद दाखवतं.

यंत्र विकत घेतल्यावर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. बूच आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत घालून रात्रभर ठेवा. सकाळी यंत्राने ७५ च्या जवळ आकडा दाखवायला हवा. ८० दाखवत असेल तर ते पाचने जास्त दाखवतं, हे डब्यावर लिहून ठेवा.

पाच लिटरच्या डब्याला मी पन्नास ग्रॅम सिलिका जेल घालतो, मलमलच्या पुरचुंडीत बांधून, जहाजांना टेकणार नाही अशी कोपऱ्यात. निळी सिलिका जेलही मिळते, ती ओल धरली की गुलाबी होते. पण तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला चांगलं नाही, म्हणून नारिंगीच घ्या. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवली की पुन्हा वापरता येते. ओव्हन नसेल तर या कामासाठी वेगळी ठेवलेली जुनी कढई, अगदी मंद आच आणि सतत हलवणं. स्वयंपाकाची कढई नको. नुसत्या उन्हात ती नीट कोरडी होत नाही.

लोक आणखी काय काय सुचवतात ते सांगतो, म्हणजे तुम्ही त्यात वेळ घालवणार नाही. तांदळाची पुरचुंडी: पावसाळ्यात तांदूळच दमट असतो आणि त्याला किडे होतात. चुनकळी: ओल शोषते खरी, पण तिची धूळ धातूला आणि हाताला दोन्हीला वाईट. कपाटात टांगायच्या पिशव्या: त्यातले खडे ओल शोषून खारं पाणी होतात, आणि पिशवी गळली तर ते पाणी थेट जहाजांवर.

पायरी ८: डबा ठेवायचा कुठे

पश्चिमेची भिंत नको, पाऊस तिच्यावरच झोडतो. जमिनीवर नको. पोटमाळ्यावर तर नकोच. कौलांखाली एप्रिल-मे मध्ये जी धग असते तिने रेझिनची जहाजं वाकतात आणि टेपचा चिकटा सुटतो. माझे डबे मधल्या खोलीच्या आतल्या भिंतीला, कंबरेच्या उंचीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे आहेत.

झाकणावर आत काय आहे, कशाचं बनलंय, सिलिका जेल कधी बदलली हे पेन्सिलीने लिहा. फोटोही आत काय आहे हे सांगतो, तो डब्याच्या बाहेर लावा, आत नाही.

मुंबई-पुण्याला जहाजं न्यायची तर डबे एकमेकांशेजारी घट्ट बसवून मोठ्या खोक्यात घाला आणि एसटीत ते खोकं मांडीवर घ्या. डिकीत किंवा टपावर देऊ नका.

पायरी ९: वर्षाचं वेळापत्रक

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी नौका किनाऱ्यावर ओढून शाकारतात: खाली ओंडके घालून उचलून घेतात, वरून झाप किंवा ताडपत्री बांधतात. मी माझी छोटी जहाजं त्याच आठवड्यात शाकारतो.

माघ-फाल्गुनात हवा कोरडी असते. नवे डबे तेव्हा करा, जहाजं पुसा, धातूच्या जहाजांचा वार्निशचा थर कुठे उडालाय ते बघून बुडासकट पुन्हा द्या आणि पूर्ण सुकू द्या. चैत्र-वैशाखात डब्यांची परीक्षा घ्या. मृग निघायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, एखाद्या कोरड्या दुपारी ताजी सिलिका जेल घालून धातूचे डबे बंद करा. त्यानंतर ते उघडू नका. झाकण उघडलं की दर वेळी बाहेरची दमट हवा आत शिरते आणि जेलला पुन्हा कामाला लागावं लागतं. बाहेरूनच जेलचा रंग बघत राहा. श्रावणात रंग उतरलाच तर दुसरी पुरचुंडी तयार ठेवून पटकन बदला. लाकडी नौकांचे सैल डबे मात्र उघाड मिळेल त्या दिवशी तासभर उघडून सावलीत वारा द्या.

दसऱ्याला सगळं उघडा. बॅटरीचा उजेड आडवा पाडून प्रत्येक जहाजाचं बूड, तोफा आणि कठडे बघा, पांढरेपणा आधी तिथेच दिसतो. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला तरी ते जहाज त्याच दिवशी बाहेर काढा, ओल्या फडक्याने टिपा, पुसून कोरडं करा आणि काचेच्या बरणीत एकटं ठेवा. ज्या डब्यातून ते निघालं त्यातला फोम आणि टेप फेकून द्या, डबा धुवा, आणि शिशाच्या गोळीची परीक्षा पुन्हा करा. महिनाभर बरणीतल्या जहाजावर नवा ठिपका आला नाही तर त्यावर वार्निशचा थर द्या, आणि तो सुकून वास गेल्यावरच ते परत डब्यात ठेवा.